मंगळावरून आकाशदर्शन: रोव्हरच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या ताऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळावरच्या रात्रीचा खरा फोटो कुणाला दाखवला की बहुतेक वेळा "एवढंच?" असं ऐकू येतं. करडी, दाणेदार चौकट आणि तिच्यात पाच-सहा पांढरे ठिपके. पण त्यातला एक ठिपका आपली मघा असते, एक मंगळाचा चंद्र असतो आणि ते टिपणारा कॅमेरा दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवर उभा असतो. हे फोटो वाचायला शिकलं की ते विसरता येत नाहीत. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून खरंच तारे टिपले गेले आहेत का?

हो, पण आजवर फक्त मंगळावरून. दुसऱ्या ग्रहाच्या पृष्ठभागावरचा पहिला फोटो शुक्रावरून आला, १९७५ मध्ये, व्हेनेरा ९ या सोव्हिएत यानाकडून. पण शुक्रावर ढगांचं पांघरूण इतकं जाड आहे की तिथून तारा दिसायचा प्रश्नच येत नाही. बुधावर अजून कुणी उतरलेलं नाही. गुरूपासून पुढच्या चार ग्रहांना तर उभं राहायला जमीनच नाही. त्यामुळे या पानावर सगळीकडे मंगळच आहे.

तिथे रात्री वर पाहिलेले रोव्हर मुख्यतः चार: स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी (दोन्ही २००४ मध्ये उतरले), क्युरिऑसिटी (२०१२) आणि पर्सेव्हरन्स (२०२१). यातल्या एकाचाही कॅमेरा ताऱ्यांसाठी बनवलेला नव्हता. दगड, वाळू आणि पुढचा रस्ता बघणं हेच त्यांचं काम.

तिथून नक्षत्रं वेगळी दिसतात का?

नाही. मृग तसाच, सप्तर्षी तसेच, वृश्चिकाचा आकडाही तसाच. पृथ्वी आणि मंगळ एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब असतात तेव्हा त्यांच्यात सुमारे ४० कोटी किलोमीटर अंतर असतं. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा आहे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटरवर, म्हणजे त्याच्या लाखपट दूर. खोलीच्या एका कोपऱ्यातून उठून दुसऱ्या कोपऱ्यात बसलात म्हणून क्षितिजावरचा डोंगर जागा बदलत नाही, तसंच हे.

फरक पडतो तो वेगात. मंगळाचं वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं. सूर्य आपल्याकडे एका राशीत साधारण महिनाभर असतो, तिथे सरासरी जवळपास दोन महिने. म्हणजे रोज संध्याकाळी ठरल्या वेळी पाहिलं, तर आज पूर्वेला असलेलं नक्षत्र ऋतूंबरोबर पश्चिमेला कलायला आपल्या जवळपास दुप्पट दिवस घेतं.

मंगळावर ध्रुवतारा आहे का?

आपल्यासारखा सोयीचा नाही. मंगळाचा अक्ष सुमारे २५ अंशांनी कललेला आहे, म्हणजे कल आपल्याइतकाच म्हणा ना, पण रोख दुसरीकडे आहे. त्याचं उत्तर टोक हंस तारकासमूहाच्या कडेला, डेनेब ताऱ्यापासून सुमारे नऊ अंशांवर येतं. हात लांब करून मूठ धरली तर तिच्या रुंदीपेक्षा जरा कमी. त्या जागी ठळक तारा नाही. आपला ध्रुव तिथे इतर ताऱ्यांसारखाच त्या रिकाम्या जागेभोवती फिरतो. ध्रुव हा अढळपदाचा तारा अशी गोष्ट ऐकत मोठे झालेल्या माणसाला हे समजून घ्यायला थोडा वेळ लागतो.

पृथ्वी दिसते का? कशी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो रास्तच आहे.

मंगळावरून पाहताना पृथ्वी सूर्याच्या आतल्या बाजूला असते, त्यामुळे तिचं वागणं आपल्या शुक्रासारखं. कधी पहाटे सूर्याच्या आधी उगवते, कधी संध्याकाळी त्याच्या मागून मावळते, आणि सूर्यापासून साधारण ४७ अंशांपलीकडे कधी जात नाही. मध्यरात्री ती डोक्यावर कधीच नसते. चांदणीसारखा ठळक, स्थिर प्रकाशाचा ठिपका, एवढंच तिचं रूप.

पहिला फोटो स्पिरिटने काढला, ८ मार्च २००४ रोजी. मंगळाच्या दिवसाला 'सोल' म्हणतात. तो मोहिमेचा ६३ वा सोल होता आणि सूर्योदयाला साधारण तासभर अवकाश होता. चंद्राच्या पलीकडच्या कुठल्याही जमिनीवरून काढलेला पृथ्वीचा हा पहिला फोटो. यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: रंगीत फिल्टर लावून काढलेल्या फोटोंमध्ये पृथ्वी उमटलीच नाही, इतकी ती मंद होती. सगळा प्रकाश आत घेणाऱ्या फिल्टरमधूनच ती सापडली, आणि तरी नीट दिसावी म्हणून फोटोतला उजळ-गडद फरक वाढवावा लागला. तेव्हा त्या फोटोत 'निळा ठिपका' शोधू नका, तो तिथे नाही.

३१ जानेवारी २०१४ रोजी क्युरिऑसिटीने सूर्यास्तानंतर ८० मिनिटांनी पुन्हा पृथ्वी टिपली. त्या वेळी ती सुमारे १६ कोटी किलोमीटर लांब होती. मोठ्या केलेल्या फोटोत तिच्या खाली एक छोटा ठिपका दिसतो, तो आपला चंद्र. चांगली नजर असलेला माणूस तिथे उभा असता तर त्याला हे दोन ठिपके दुर्बिणीशिवाय वेगळे दिसले असते. माणसाने आजवर जिथे जिथे पाऊल ठेवलं, त्या दोन्ही जागा त्या एका फोटोत आहेत.

५ जून २०२० च्या संध्याकाळी क्युरिऑसिटीने पृथ्वी आणि शुक्र दोन्ही टिपले. दोन्ही एरवी झगझगीत दिसले असते, पण हवेत धूळ फार होती, म्हणून टाचणीच्या टोकाएवढे उरले.

पृथ्वी सूर्यासमोरून जाताना तिथून दिसेल का?

दिसेल, पण फार क्वचित. मागचं असं अधिक्रमण ११ मे १९८४ ला झालं, तेव्हा मंगळावर ते पाहणारं चालू यंत्र नव्हतं. पुढचं १० नोव्हेंबर २०८४ ला आहे. सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकेल आणि त्याच्या जोडीला एक अगदी छोटा, चंद्राचा.

मंगळाचे रोज येणारे फोटो इतके सुंदर असतात, त्यात तारे का नसतात?

ते दिवसा काढलेले असतात. उन्हात चमकणाऱ्या जमिनीचा फोटो सेकंदाच्या लहानशा भागात पुरा होतो. ताऱ्याचा प्रकाश जमा व्हायला काही सेकंद तरी लागतात. पृथ्वीवरही भर उन्हात काढलेल्या फोटोत कुणी तारे शोधत नाही. शिवाय मंगळाचं दिवसाचं आकाश धुळीमुळे पिवळट-तपकिरी उजळलेलं असतं, काळं नसतं.

हे कॅमेरे रात्री कितपत पाहू शकतात?

उदाहरण म्हणून स्पिरिटचा मुख्य कॅमेरा घेऊ. १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलची चौकट, ४३ मिलिमीटरची लेन्स आणि छिद्र फारच लहान, एफ/२०. ज्यांनी कधी रात्री ताऱ्यांचे फोटो काढलेत त्यांना हा आकडा वाचूनच अडचण कळेल. तारे टिपायला आपण एफ/२.८ वगैरे उघडी लेन्स शोधतो. एफ/२० म्हणजे जवळपास मिटलेला डोळा. दगडांसाठी मात्र हेच हवं: जवळचं आणि लांबचं दोन्ही एकदम स्पष्ट.

उपाय एकच, शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. पण तिथेही आकाश फिरतं. मंगळ स्वतःभोवती २४ तास ३७ मिनिटांत फिरतो. या कॅमेऱ्यात खगोलीय विषुववृत्तावरचा तारा मिनिटाला साधारण १५-१६ पिक्सेल सरकतो. रोव्हरला आकाशाबरोबर फिरणारा स्टँड नसतो, त्यामुळे मिनिटभराच्या फोटोत ठिपका राहत नाही, त्याची रेघ होते.

मंगळाच्या बाजूने जमेची गोष्ट म्हणजे थंडी. रात्री पारा उणे ७०-८० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. थंडीत कॅमेऱ्याच्या चिपमधला स्वतःचा गोंगाट, म्हणजे प्रकाश नसतानाही उमटणारे खोटे ठिपके, कमी होतो. पृथ्वीवर त्यासाठी मुद्दाम कॅमेरा थंड करावा लागतो, तिथे ते फुकटात होतं.

क्युरिऑसिटीकडे १०० मिलिमीटरची लेन्स आहे आणि पर्सेव्हरन्सचा कॅमेरा २६ ते ११० मिलिमीटर झूम होतो. तरीही जाता जाता काढलेला एखादा फोटो आणि दुर्बिणीतून केलेलं निरीक्षण यांच्यात जेवढा फरक असतो, तेवढा इथेही आहेच.

फोटोत पांढरे ठिपके तर शेकडो दिसतात. तारा कोणता आणि गोंगाट कोणता?

हे शिकण्यासारखं आहे. इथे जरा थांबून एक फोटो जवळून पाहू.

१ मार्च २०२५ ची पहाट, पर्सेव्हरन्सचा १४३३ वा सोल, तिथल्या घड्याळात ४ वाजून २७ मिनिटं. रस्ता शोधायच्या जोडीतल्या डाव्या कॅमेऱ्याने ३.२८ सेकंदांचा एक असे १६ फोटो काढले. या कॅमेऱ्याला यापेक्षा जास्त वेळ शटर उघडं ठेवता येत नाही. मग रोव्हरनेच ते एकत्र करून एक फोटो पाठवला, एकूण ५२ सेकंदांचा. खाली काळपट, मऊ दिसणारी जमीन. दगड जेमतेम ओळखू येतात. वर करडं आकाश, तेही धुकट. त्यात एक ठळक ठिपका, तो डीमॉस, मंगळाच्या दोन चंद्रांपैकी एक. जवळच मघा आणि सिंहाच्या आयाळीतला अल्जिबा. बाकी मीठ शिंपडल्यासारखे जे असंख्य कण दिसतात, त्यातले बहुतेक तारे नाहीतच. कॅमेऱ्याचा गोंगाट आहे तो, आणि काही ठिकाणी वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, चिपवर आदळल्याच्या खुणा.

फरक करायची पद्धत अशी. ताऱ्याचा प्रकाश लेन्समधून येतो म्हणून तो शेजारच्या दोन-तीन पिक्सेलवर थोडा पसरतो. बिघडलेला पिक्सेल एकटाच, कडेने कापल्यासारखा लखलखतो आणि प्रत्येक फोटोत चौकटीच्या त्याच जागी येतो. वैश्विक किरणाची खूण एकाच फोटोत असते, पुढच्या फोटोत गायब. आणि तारे सगळे एकाच दिशेने, एकाच चालीने सरकतात. एकापाठोपाठ काढलेले दोन-तीन फोटो आलटून पालटून पाहिले की ही सामुदायिक चाल लगेच डोळ्यांत भरते. मला तरी पहिल्यांदा ती दिसली तेव्हा हा ग्रह फिरतोय हे पुस्तकात वाचल्यापेक्षा जास्त खरं वाटलं.

या बाबतीत तज्ज्ञांचीही परीक्षा होते. २००४ मध्ये स्पिरिटच्या एका फोटोत लांब रेघ उमटली होती. ती मंगळावरून टिपलेली पहिली उल्का म्हणून गाजली, तसा शोधनिबंधही आला. पुढच्या अभ्यासात ती वैश्विक किरणाची खूण असण्याची शक्यताच जास्त दिसली.

मंगळाचे चंद्र कसे दिसतात?

मला विचाराल तर मंगळाच्या रात्रीतला सगळ्यात न्यारा देखावा हाच.

फोबॉस मंगळाच्या पृष्ठभागापासून जेमतेम ६,००० किलोमीटरवर फिरतो आणि एक फेरी ७ तास ३९ मिनिटांत पुरी करतो. म्हणजे मंगळ स्वतःभोवती एकदा फिरायच्या आत त्याच्या तीन फेऱ्या होतात. त्यामुळे तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. ताऱ्यांच्या बरोबर उलट! तो डोक्यावर असताना आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण एक-तृतीयांश आकाराचा दिसतो, आणि गोल नाही, बटाट्यासारखा वेडावाकडा. ध्रुवाजवळच्या भागातून मात्र तो दिसतच नाही, कारण इतका खाली आहे की ग्रहाची गोलाईच मध्ये येते.

डीमॉसचं उलट. त्याची फेरी ३० तासांची, मंगळाच्या दिवसापेक्षा थोडी जास्त. म्हणून तो पूर्वेलाच उगवतो, पण सरकतो इतका हळू की उगवल्यापासून मावळेपर्यंत अडीच दिवसांहून जास्त काळ आकाशात असतो. साध्या डोळ्यांना तो ठळक तारकेसारखाच दिसेल.

२००५ च्या ऑगस्टमध्ये स्पिरिट हजबंड हिल या टेकडीवर होता. मार्चमध्ये वावटळीने त्याच्या सौरपट्ट्यांवरची धूळ झाडून नेली होती, त्यामुळे दिवसभराची कामं करूनही वीज उरत होती. ती उरलेली वीज रात्री आकाश पाहायला वापरली गेली. २६ ऑगस्टला दोन्ही चंद्र धनु राशीच्या ताऱ्यांवरून सरकताना टिपले. ३० ऑगस्टच्या फोटोत दोन चंद्र आहेत, डाव्या कोपऱ्यात कृत्तिकांचा झुबका आहे आणि उजवीकडे रोहिणी. आपल्या चंद्राची रोहिणीशी आणि कृत्तिकांशी होणारी युती आपण कितीदा पाहतो. तिथेही त्याच कृत्तिका, तीच रोहिणी, फक्त चंद्र दोन आणि एकमेकांच्या उलट दिशेने जाणारे.

१ ऑगस्ट २०१३ रोजी क्युरिऑसिटीने फोबॉस डीमॉसच्या पुढून जाताना, म्हणजे एका चंद्राने दुसऱ्याला झाकताना टिपलं. ती फोटोमालिका मिळाली तर जरूर पाहा.

तिथे ग्रहणं होतात का?

होतात, पण खग्रास कधीच नाही. मंगळावरून सूर्य आपल्यापेक्षा लहान, साधारण ०.३५ अंशाचा दिसतो. फोबॉस त्याहून लहान पडतो, त्यामुळे सूर्य पूर्ण झाकला जात नाही. आणि सगळं अर्ध्या-पाऊण मिनिटात आटोपतं. २ एप्रिल २०२२ ला पर्सेव्हरन्सने टिपलेलं ग्रहण ४० सेकंदांहून थोडंच जास्त चाललं. त्या चित्रफितीत फोबॉसची कड खडबडीत, चावा घेतल्यासारखी दिसते.

या वेळा नीट मोजल्या की फोबॉसची कक्षा अचूक कळते. तो वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरने मंगळाच्या जवळ येतो आहे, आणि काही कोटी वर्षांनी फुटून तरी जाईल किंवा आदळेल.

मंगळाची हवा इतकी विरळ, मग तिथलं आकाश पृथ्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ असेल ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी आहे, हे खरं. त्यामुळे तारे लुकलुकतही नाहीत फारसे. पण त्या विरळ हवेत बारीक धूळ कायम तरंगत असते. पावसाने धुऊन निघण्याची सोय नाही. ती सावकाश खाली बसते आणि वाऱ्याने पुन्हा उडते.

ही धूळ किती आहे हे 'टाऊ' नावाच्या आकड्यात मोजतात. टाऊ १ असला तर डोक्यावरून सरळ येणाऱ्या प्रकाशाचा ३७ टक्केच भाग खाली पोचतो, म्हणजे डोक्यावरचा तारा जवळपास एका प्रतीने (ताऱ्याच्या तेजाच्या मापातल्या एका पायरीने) मंद होतो. क्षितिजाकडे तर धुळीचा थर तिरका आणि कितीतरी जाड, तिथे तारे विरूनच जातात. बऱ्या दिवसांतही टाऊ साधारण अर्ध्याच्या आसपास असतो.

आणि वादळात काय होतं ते २०१८ च्या जूनमध्ये दिसलं. ऑपॉर्च्युनिटीने मोजलेला टाऊ १०.८ होता. सरळ येणाऱ्या सूर्यप्रकाशाचा सुमारे पन्नास हजारावा भाग. भर दुपारी सूर्यसुद्धा दिसेना. १० जूननंतर त्या रोव्हरकडून निरोप आला नाही, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मोहीम संपल्याचं जाहीर झालं. साडेचौदा वर्षं चालत राहिलेला तो रोव्हर धुळीनेच गेला. मंगळाचा कुठलाही रात्रीचा फोटो पाहताना मी आधी तारे मोजत नाही, त्या रात्री धूळ किती होती ते बघतो. बाकी सगळं त्यावर ठरतं.

मग सूर्यास्त निळा का?

याच धुळीमुळे. तिचे कण इतके बारीक आहेत की निळा प्रकाश फारसा न भरकटता पुढच्या बाजूलाच पसरतो. म्हणून मावळत्या सूर्याभोवती निळसर उजेड आणि बाकी आकाश मळकट. धूळ खूप उंचावर असते, त्यामुळे संधिप्रकाशही रेंगाळतो, कधी कधी दोन तासांपर्यंत. तारे बघायला तेवढं थांबावं लागतं.

धूमकेतू किंवा लघुग्रह टिपलेत का?

दोन्ही. १९ ऑक्टोबर २०१४ ला सायडिंग स्प्रिंग नावाचा धूमकेतू मंगळापासून फक्त १,३९,५०० किलोमीटरवरून गेला. आपल्या चंद्राच्या निम्म्याहूनही कमी अंतर. तो सगळ्यात जवळ येण्याच्या सुमारे अडीच तास आधी ऑपॉर्च्युनिटीने त्याला टिपलं: एक धूसर, पसरट डाग. दुसऱ्या ग्रहावरून धूमकेतू पाहण्याची ती कथा या एका डागात आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला ३आय/ॲटलास मंगळाजवळून सुमारे ३ कोटी किलोमीटरवरून गेला, तेव्हा पर्सेव्हरन्सलाही त्याची फिकट झलक मिळाली.

लघुग्रहांचा मान क्युरिऑसिटीकडे जातो. २० एप्रिल २०१४ च्या रात्री १२ सेकंदांच्या फोटोत सेरेस, व्हेस्टा आणि तीन तारे छोट्या रेघांसारखे उमटले. मूळ उद्देश मंगळाचे चंद्र पाहून रात्रीच्या हवेतलं ढग-धुकं मोजण्याचा होता. लघुग्रह ओघात मिळाले.

त्याच वर्षी ३ जूनला क्युरिऑसिटीने बुध सूर्यासमोरून जाताना टिपला. पृथ्वी सोडून दुसऱ्या ग्रहावरून पाहिलेलं ग्रहाचं हे पहिलं अधिक्रमण. बुध फोटोत पिक्सेलच्या सहाव्या भागाएवढा होता. त्याची चाल माहीत होती म्हणूनच तो ओळखता आला.

तिथे अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, दिसतो का?

१८ मार्च २०२४ रोजी पर्सेव्हरन्सने तो टिपला. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशातला अरोरा पहिल्यांदाच नोंदला गेला. तीन दिवस आधी सूर्यावर मोठा उद्रेक झाला होता. त्यातून निघालेला लोंढा मंगळाकडे येतोय हे पाहून संशोधकांनी रोव्हरला रात्री वर बघायची आज्ञा आधीच पाठवून ठेवली. आकाशात मंद हिरवा उजेड नोंदला गेला, ५५७.७ नॅनोमीटरचा. पृथ्वीवरच्या हिरव्या अरोराचा हाच रंग, ऑक्सिजनच्या अणूंचा. मंगळाला पृथ्वीसारखं सगळ्या ग्रहाला व्यापणारं चुंबकीय क्षेत्र नाही, त्यामुळे तिथे ध्रुवाजवळच्या झालरी नाहीत. सगळं आकाशच किंचित उजळतं. त्या रात्रीही धूळ होती आणि तिने तो उजेड आणखी मंद केला.

रोज रात्री असे फोटो का काढत नाहीत?

वीज आणि थंडी. अणुऊर्जेवर चालणाऱ्या रोव्हरकडेही सुरुवातीला सुमारे ११० वॅटच असतात, जुन्या शंभर वॅटच्या बल्बहून किंचित जास्त. एवढ्यात चालायचं, खडक तपासायचे, पृथ्वीशी गप्पा मारायच्या आणि रात्री ऊब धरायची. कॅमेऱ्याची मान वळवणाऱ्या मोटरी कडाक्याच्या थंडीत फिरवायच्या तर आधी तापवाव्या लागतात. शिवाय फोटो घरी धाडायचे ते वरून जाणाऱ्या उपग्रहांमार्फत, आणि त्यांचा वेळ मोजका. खडकांचं काम आधी, हे मला पटतं. तरी वीज उरली की वर बघावं, असंही वाटतं.

या फोटोंचा शास्त्राला काही उपयोग आहे की नुसतीच हौस?

उपयोग आहे. ताऱ्याची खरी तेजस्विता माहीत असते. फोटोत तो किती मंद आला यावरून त्या रात्रीची धूळ आणि ढग मोजता येतात. दिवसा हे काम सूर्याकडे पाहून होतं, रात्रीसाठी तारे आणि चंद्रच लागतात. सूर्याचे फोटो आणखी एका कामाला येतात: मंगळ सूर्याच्या पलीकडच्या बाजूला असतो तेव्हा पृथ्वीवरून न दिसणारे सौरडाग रोव्हरला दिसतात.

आणि हौस असली तरी त्यात कमीपणा नाही.

मंगळाच्या आकाशात पृथ्वी, शुक्र आणि गुरू एका रांगेत चमकतानाचा फोटो खरा आहे का?

नाही. वर्षानुवर्षं फिरणारं ते चित्र संगणकावर तयार केलेलं आहे. खऱ्या फोटोची ओळख सोपी: आकाश दाणेदार असतं, ग्रह अगदी बारीक असतात, आणि सोबत रोव्हरचं नाव, कॅमेरा आणि सोलचा आकडा असतो. हे काही नसेल तर पुढे पाठवू नका.

चंद्रावरून कुणी तारे पाहिले का?

हो. १९७२ मध्ये अपोलो १६ च्या अंतराळवीरांनी जॉर्ज करदर्स यांनी बनवलेला अतिनील कॅमेरा तिथे उभा केला होता. २०१३ मध्ये उतरलेल्या चांगई ३ या चिनी यानावरही छोटी अतिनील दुर्बीण होती. पण चंद्र हा ग्रह नाही, म्हणून तो विषय इथे आटोपता घेतो.

मला स्वतः शोधायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

क्युरिऑसिटी आणि पर्सेव्हरन्सचे कच्चे फोटो नासा सगळ्यांसाठी खुले ठेवते. सोलच्या आकड्यानुसार चाळता येतात. रात्रीचे फोटो ओळखायचे तर फोटोखाली मंगळावरची स्थानिक वेळ दिली असेल तिथे ती बघा. संध्याकाळी सातनंतरचा आणि पहाटे पाचच्या आधीचा असेल तर थांबा.

मग स्टेलॅरियम हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उघडा आणि ठिकाण म्हणून मंगळ निवडा. पर्सेव्हरन्ससाठी सुमारे १८ अंश उत्तर अक्षांश, क्युरिऑसिटीसाठी सुमारे ५ अंश दक्षिण. फोटोची तारीख आणि वेळ घाला. पडद्यावरचं आकाश फोटोच्या शेजारी ठेवून आधी सगळ्यात ठळक ठिपका जुळवा, मग त्याच्या शेजारचा. दोन जुळले की तिसरा कुठे असायला हवा ते आपोआप कळतं. तो तिथे फिकट का होईना सापडला, की समजा तुम्हाला मंगळावरचा तारा सापडला.

सुरुवातीला सोपा फोटो हवा असेल तर वर सांगितलेला १४३३ व्या सोलचा घ्या. मघा तिथे आहेच.